खेळात शिरायचा खर्च

सिन्नरच्या बसची रांग हलत नव्हती. पुढे उभ्या नणंद-भावजयीकडे कलाबाईंनी फुलांच्या पाटीसकट कान लावला.

"तृप्ती, तुझा भाऊ रोज ज्या गेममध्ये मरायला जातो, त्यात शिरायला किती लागतात गं?"

"जुना गेम आहे वहिनी, सुरुवात फुकट. पुढचे भाग विकत, वर दर महिन्याला फी."

"फुकटात त्याच्याशी बोलता येईल? घरात तर मानसुद्धा वर करत नाही मेला."

"फुकटवाल्याला आधी बोलता येत नाही. दादा बोलला, तरच उत्तर द्यायचं."

"अगं, ते फुकटातलं तर लग्न झाल्यापासून खेळतेय मी! भर पैसे."

"दादाला सांगू?"

"काही नको. आधी मला तलवार घेऊन दे."