लाल दिवा चालू असताना

मी खाली सही करणारा, वय ७६ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा गाणी लिहिणे, चाली लावणे व रेकॉर्ड काढणे, राहणार शिंप्याच्या दुकानावरील दुसरा मजला, समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी दोघेच राहतो. पत्नीचे वय ७१ आहे. दोन वर्षांपासून तिला माणसे ओळखू येत नाहीत. मलाही ती "अहो गाणेवाले" म्हणते. घर मात्र ओळखते. म्हणजे आजपर्यंत ओळखत होती.

माझी दोनशेच्या वर गाणी निघाली. आमच्या धंद्यात चाल आधी कच्च्या आवाजात भरतात, गायिका ती ऐकून शिकते, मग तो आवाज पुसून तिथे गायिकेचा भरतात. माझा सगळा कच्चा आवाज पत्नीचा होता. तिच्या आवाजाची टेप आहे का असे साहेबांनी विचारले. नाही.

घरी काम करायच्या खोलीबाहेर लाल दिवा आहे. तो चालू असला की आत टेक, म्हणजे आवाज भरणे, चालू आहे असे समजून दार वाजवायचे नाही, बोलायचे नाही, असा लग्नापासूनचा नियम. आज बऱ्याच वर्षांनी जाहिरातीसाठी एक चाल मागितली गेली होती. जेवणानंतर मी दिवा लावून आत बसलो. कानाला हेडफोन होते. चाल जमत नव्हती. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. बाहेर आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती व पत्नी घरात नव्हती. तिच्या चपला खोलीच्या दाराशी नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

शिंप्याने सांगितले की, ती अनवाणी खाली आली. तो म्हणाला, "काय वहिनी, मास्तरांनी घराबाहेर काढलं की काय?" तिने तोंडावर बोट ठेवले व म्हणाली, "हळू बोला भाऊजी, आत टेक चालू आहे." मग ती रस्त्याकडे गेली. त्याला वाटले, येईल परत.

नेसूची साडी निळी. उंची माझ्या खांद्याइतकी. तिला नावाने हाक मारू नये, ती ओ देत नाही. "थांब जरा, दिवे लागू दे" ही माझ्या गाण्याची ओळ म्हणून गप्प राहावे. ती पुढची म्हणते, "मग निघू सावकाश." हवालदार म्हणाले, "अहो, हे तुमचं? आम्हाला वाटलं, ज्या बाई गातात त्यांचंच आहे." मी म्हटले, गाडीच्या भोंग्यावर त्या बाईंची रेकॉर्ड लावू नका, पुढची ओळ तीच म्हणून टाकेल, मग माझी बायको कशाला बोलेल?

मजकूर मला वाचून दाखवला. ओळ हवालदारांनी गाऊन दाखवली, दुसऱ्या खेपेस बरोबर आली. कुठे थांबायचे ते त्यांना समजले आहे.

सही करण्याआधी एक भर घालतो. घाईत निघताना लाल दिवा बंद केला की नाही, ते मला आठवत नाही. ती परत आली असेल तर बाहेरच उभी राहील. कोणीतरी शिंप्याला फोन करून वर जाऊन बघायला सांगावे. ही भरही वाचून दाखवली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.