ड्रायव्हर खाली!

मी मूळचा हिवरखेडचा, तेल्हारा तालुक्यातला. वावर काळ्या मातीचं, बाप कास्तकार, खाऊनपिऊन बरं होतं, रडगाणं सांगासारखं काही नाही. बापाले एकच नाद होता, शंकरपट पाहाचा, बैलाईच्या शर्यतीचा. मले खांद्यावर बसवून ने, अन् जोडी सुटली की त्याची बोटं माह्या नडग्यांवर अशी घट्ट रुतत की घरी येईपर्यंत वळ राहे. एकदा मी म्हटलं, बाबा, आपण एक पटाची जोडी घेऊ ना. तर म्हणे, वामन्या, धावणारं जनावर आपल्या दावणीले शोभत नाही, लोक हासतात. बैल महाग आहे असं म्हणे नाही, चारा लागते असं म्हणे नाही, लोक हासतात एवढंच म्हणे. काय सांगू तुमाले, ते एक वाक्य मले जन्मभर पुरलं.

बारावी झाल्यावर अकोल्यात आलो अन् मार्केटच्या रस्त्यावर धरमकाट्यावर लागलो. अजून तिथंच आहे. ट्रक, ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या, तुरीच्या गाड्या, सारं माह्या खिडकीसमोर येते. आधी भरलेली गाडी मोजाची, मंग रिकामी मोजाची, मधला फरक तो माल. आता यात एक मेख आहे. भरलेल्या गाडीत ड्रायव्हर बसून राह्यला अन् रिकाम्या गाडीतून उतरून चहा प्याले गेला, तर त्याचं वजन कापसाच्या भावानं इकल्या जाते. म्हणून दोन्ही वेळा खिडकीतून ओरडा लागते, ड्रायव्हर खाली! एखादा म्हणते, राहू द्या ना काका, माह्यात आहे काय, निरा हाडकं. मी म्हणतो, हाडकं तं हाडकं, उतर. मालकाचा जावई होता एकदा, त्यालेही उतरवलं. एवढा मी कडक माणूस, हे ध्यानात ठेवा, कारण पुढची गोठ अशी आहे की तुमाले वाटन हा तो नव्हेच.

सरकीच्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, एक सौदा होता, तोल पाहासाठी मालकानं मले अमरावतीले पाठवलं. एका ठेकेदाराचं गोदाम होतं. पोते हटवता हटवता मागं ताडपत्री दिसली, अन् ताडपत्रीच्या खालून लाल रंग, एवढासा, कुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडं राह्यल्यासारखा. मी ताडपत्री वर केली अन् उकिडवा बसलो. इटलीची फटफटी, शर्यतीची, असली गाडी मी फक्त मोबाईलमध्ये पाह्यली होती, मान टाकून झोपलेल्या जनावरासारखी उभी. टायर बसलेले, सीट उंदरानं खाल्लेली, सायलेन्सरमध्ये गांधीलमाश्याईनं घर केलेलं. ठेकेदार म्हणे, पैसा आला होता तवा मुंबईहून आणली, चिखलदऱ्याच्या घाटात एकदा पडलो, पाय मोडला, तवापासून तिचं तोंड पाह्यलं नाही. तुमाले पाहिजे का? मले कायले पाहिजे, असं मी म्हणाले पाहिजे होतं. मी म्हटलं, हाव.

भंगाराच्या भावात व्यवहार झाला, कागद माह्या नावावर झाले, तेही नियमानं. टेम्पोत टाकून आणली. गल्लीत टेम्पो थांबला तं समोरचे गुरुजी ओट्यावर बसून होते. ताडपत्री सरकली होती, लाल दिसत होती. गुरुजी म्हणे, काहो वामनराव, कोणाची? अन् माह्या तोंडातून पटकन निघालं, पोराची.

आता माहा पोरगा कसा, ते सांगतो. अनिकेत त्याचं नाव, तेल्हाऱ्याले कृषी सहायक आहे. लहानपणी सायकलवरून पडला तवापासून दोन चाकाईले भेते. रोज एसटीनं जाते, एसटीनं येते. अशा पोराच्या नावावर मी लोकाईसमोर ती गाडी टाकली. संध्याकाळी तो आला, गुरुजींनी त्याले वाटेतच गाठलं, काय बुवा, रेसमध्ये उतरता का आता? पोरगा घरात आला, माह्याकडं पाह्यलं, गाडीकडं पाह्यलं, म्हणे, बाबा, माही आहे का हे? मी खाली पाहून नट साफ करून राह्यलो होतो. तो म्हणे, असू द्या. बस. रागावला असता तं बरं झालं असतं, पण तो तसा नाही.

मंदा, म्हणजे माही बायको, ती मातर बोलली. म्हणे, काहो, सासरा व्हायच्या वयात नवरदेवाचा घोडा आणला का?

मंग आमचं रिपेअरिंग सुरू झालं. आमचं म्हणजे माहं अन् सलीमभाईचं. सलीमभाई ऑइल इंजिनं अन् पंप सुधारते, माहा जुना दोस्त. त्यानं पहिल्याच दिवशी टाकीचं झाकण उघडलं अन् नाक दाबून मागं सरकला. पेट्रोलचा वार्निश झाला होता. म्हणे, वामनभाऊ, ये गाडी नहीं, मुरब्बा है. टाकी धुतली, आतला गंज काढाले खडे टाकून टाकी हालवली, दोघं दोन बाजूनं, पाळणा हालवावा तशी. वायरी उंदरानं खाल्लेल्या, त्या एकेक जोडल्या. इंजिनातले पट्टे बाहेरदेशातून मागवा लागले, ते अनिकेतनंच कॉम्प्युटरवरून मागवून देल्ले. ज्याच्या नावावर लबाडी केली त्याच्याच हातून सामान मागवलं, अन् तो पार्सल घेऊन येतानी गल्लीतल्या पोराईले दाखवत आला, कारण लोकाईले खरं वाटाले पाहिजे ना. मले घास गोड लागत नव्हता.

पण गाडी सुरू झाली त्या दिवशी, काय सांगू तुमाले. त्या गाडीचा क्लच उघडा असते, तो खडखड वाजतेच, तशीच बनवलेली असते. आमाले ते वाचून माहीत होतं तरी वाजला तवा दोघंही घाबरलो. डब्यात खिळे टाकून कोणी हालवून राह्यलं असं. गुरुजी धावत आले, बंद करा, बंद करा, काही तुटलं! सलीमभाई म्हणे, गुरुजी, तुटलं नाही, ही बाई अशीच बोलते. मंग आवाज बसला, खडखडीच्या खालून एक जाड, गोल आवाज आला, अन् माहे हात हँडलवर असे घट्ट झाले की मले एकदम माहा बाप आठवला.

गाडी मी आमच्या काट्यावर चढवली. दोन क्विंटलच्या थोडी खाली भरली. काटा दहा किलोच्या आत बोलत नाही, तवा मी पक्का आकडा सांगणार नाही. मंग मी वर बसलो, तं आकडा जवळपास दीडपट झाला. सलीमभाई म्हणे, भाऊ, तुम तो एक गाडी अपने पेट में लेके घूमते हो.

पहाटे चालवाले लागलो, अकोटच्या रस्त्यानं. हेल्मेट घेतलं ते काळ्या काचेचं. मुद्दाम काळ्या. बाहेरून चेहरा दिसत नाही. गल्लीतून निघालो की लोकाईले वाटे अनिकेत चालला. दूधवाला हात दाखवे, काय अनिभाऊ! मी मान हालवो. जॅकेटची चेन पोटावर लागत नव्हती, तं मी पोट आत घेऊन गल्ली पार करो. अन् रस्ता मोकळा झाला की सोडो. लोकाईच्या तोंडी माहं नाव नव्हतंच ना त्या गाडीवर, तं मले भेव कायचं.

अशातच अनिकेतची सोयरीक अमरावतीले जमली. पोरीचं नाव प्राजक्ता, दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. दोघाईचंही मन होतं, आमाले दिसत होतं, पोरगा एसटीत हासत बसे असं कंडक्टरनं सांगतलं. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरला. आपल्याकडं साक्षगंधाच्या आधी पोरीकडचे चौकशी करतात, तशी पोरीचा मामा आमच्या गल्लीत येऊन गेला. गुरुजींनी तारीफच केली, पोरगा सोनं आहे, बस पहाटे तो लाल गाडीवर सुसाट सुटते तेवढं सोडा. झालं. अमरावतीहून फोन आला, साक्षगंध थांबवा.

काहून, ते मंदानं विचारून काढलं. पोरीचा मोठा भाऊ फटफटीच्या अपघातात गेला होता, परतवाड्याच्या रस्त्यावर. पोरीच्या मायनं सांगतलं होतं, पोरगा गरीब चालन, गाडीवाला नाही चालणार.

मंदा फोन ठेवून माह्याकडं पाहत राह्यली. अनिकेत म्हणे, बाबा, तुमी बोलू नका, मी सांगतो गाडी इकली म्हणून. म्हणजे तो पोरगा तवाही माहीच अब्रू झाकून राह्यला होता, सोयरीक तुटाले आली तरी. मी म्हटलं, अमरावतीले जाऊ.

एसटीनं गेलो, तिघं. पोरीचे वडील एसटीतलेच, रिटायर ड्रायव्हर. मामा होता, पोरीची माय दाराशी बसून होती, भिंतीवर पोराचा फोटो. पाणी आलं, चहा आला, पावसापाण्याचं बोलणं झालं. माहा चहा थंडा झाला. मंग मी एकदम बोललो, गाडी माही आहे. पोराची नाही. मीच चालवतो, काळी काच लावून. पोराले तं स्कूटी येत नाही.

मंग मामानं माह्या पोटाकडं पाह्यलं अन् त्याले हासू आवरेना. म्हणे, म्हणजे चौकशीले आलो त्या पहाटे आमाले अकोटच्या रस्त्यावर लाल गाडीनं ज्यानं कट मारला तो पोट्टा नव्हता, तुमी होते? पोरीचे वडीलही हासले, तोंडावर रुमाल धरून. लोक हासतात, माहा बाप म्हणे ना, ते हे. मले वाटलं फरशी उकलावी. पण खरं सांगतो, ते हासणं झेपलं. नाही झेपलं ते दुसरं.

पोरीची माय हासली नाही. ती म्हणे, भाऊ, मंग तुमी पोराचं नाव कायले सांगतलं?

मले दुसरं काही येत नाही, माहं कामच सांगतलं. म्हटलं, बाई, आमच्या काट्यावर ड्रायव्हर खाली उतरवा लागते, नाही तं त्याचं वजन मालात जाते. मी दुनियेले उतरवतो. स्वतः मातर बसून राह्यलो, अन् माहं वजन माह्या पोराच्या नावावर चढवलं.

ती फोटोकडं पाहे नाही, माह्याकडं पाहे. म्हणे, पोरावर वजन टाकू नका, भाऊ. आमी आमच्या पोराचं वजन उचललं आहे, आमाले माहीत आहे.

मी म्हटलं, गाडी उद्याच इकतो. ती म्हणे, इका नका इका, तुमचं तुमी पाहा. चालवली तं दिवसा चालवा, हळू चालवा, अन् तोंड दिसू द्या. लोकाईले समजू द्या कोण आहे ते.

साक्षगंध झालं, मंग लग्नही झालं. गाडी मी इकली नाही. इकाले पाहिजे होती का, ते मले अजूनही ठरवता येत नाही, काहून की जीव तिच्यात आहे अन् लाजही तिच्यातच आहे. आता पांढऱ्या काचेचं हेल्मेट आहे. रविवारी दिवसाढवळ्या निघतो, पोट आत घेत नाही. गल्लीतले पोट्टे ओरडतात, आजोबा, गिअर टाका! दूधवाल्यानं तं हात दाखवणंच सोडलं. लाज वाटते, रोज नवी वाटते, वाटू द्या.

सून चांगली आहे, बोलते, हासते. पण मी गाडी सुरू केली की स्वयंपाकघरात जाते अन् नळ जोरात सोडते. एकदाच म्हणे, बाबा, पोचल्यावर मिस कॉल देत जा. तवापासून मी जिथं पोचलो तिथून मिस कॉल देतो. हिवरखेडले बापाच्या वावरापर्यंत गेलो तरी देतो, अन् चौकातल्या टपरीपर्यंत गेलो तरी देतो. इकडून एक घंटी जाते, तिकडून ती कापते. बोलणं काही होत नाही. कापली की समजाचं, नळ बंद झाला.

तुमी फटफटीनंच आले ना? बरं. सुखानं जा, पोरंबाळं सुखी राहोत तुमची. अन् घरी पोचले की मलेही एक घंटी द्या.