मोबाईलला भाकरीचा शेक

…आनि वर मलाच म्हनत्यात, तू लई जोरात वरडलीस! मी वरडले? अवो, माझ्या जागी तुमी असता तर तुमी बी वरडला असता, पार वरंधा घाट दनानला असता! तुमाला सांगते, चूक माझी न्हाई. चूक त्या बॅटरीची बी न्हाई बिचारीची. चूक हाय ती आमच्या मालकांच्या तोंडातल्या एका वाक्याची. लग्न झाल्यापासनं ऐकतीय. कौल फुटलं, म्हस आडली, ट्रॅक्टर चिखलात रुतला… काय बी होऊ द्या, मालक मिशीवर हात फिरवून म्हननार, "त्यात काय एवढं?"

आता झालं काय, माझा एकुलता एक भाऊ सोमनाथ. बंगळूरला कंपनीत हाय. त्याला पोरगी झाली, नवसाची. रविवारी बारसं. आनि आत्या कोन? मी! एकच आत्या! नाव कोन सांगनार पाळन्यात वाकून? आत्या! पन मी जानार कशी? भात कापून खळ्यावर पडलेलं, झोडनी चालू. मग सोमनाथच म्हनला, "ताई, तू व्हिडिओ कॉलवर ये. आमी मोबाईल पोरीच्या कानाला लावतो, तू नाव सांग." बघा किती मानाचं! म्या नाव बी ठरवलं होतं. पन कुनाला सांगितलं न्हाई. मालकांना न्हाई, सासूबाईंना न्हाई. कारन भावजयीची, अश्विनीची, धाकटी बहीन शेफाली तिथं येऊन बसलेली. तिचा डोळा माझ्या मानावर. फोनवर मला म्हनती कशी, "ताई, तुमच्याकडे रेंजचा प्रॉब्लेम असतो ना? काही झालं तर मी आहेच हं, मावशी." काही झालं तर! म्या म्हनलं, काय होतंय बघूच.

आनि नेमकी तवाच माझ्या मोबाईलची बॅटरी म्हातारी झाली. शंभर टक्के दाखवायची, आनि भाताच्या कुकरची शिट्टी व्हायच्या आत मोबाईल बंद! मी मालकांना म्हनलं, भोरला जाऊन नवी टाकून आना. गेले एस्टीनं. दुकानदार म्हनला, "दोन दिवस ठेवून जा." ठेवून जा? मालकांचं डोकंच सनकलं. म्हनले, "ठेवला की आतले चांगले पार्ट काढून घेत्यात. तू नुस्ती बॅटरी दे, बसवतो मी घरी." आले बॅटरी खिशात घालून. मी म्हनलं, अवो, तुमाला येतंय का? तर… सांगायला पायजे का काय म्हनले? "त्यात काय एवढं?"

म्हनं, मोबाईलवर व्हिडिओ असतोय. बघायचा आनि करायचं. आता सांगा मला, जो मोबाईल उघडायचा त्याच मोबाईलवर तो कसा उघडायचा ते बघायचं? आनि त्याची बॅटरी कुकरच्या एका शिट्टीची! व्हिडिओपुरती रेंज फकस्त वरच्या माळावर. माळ चढायचा, व्हिडिओ लावायचा, तो पोरगा म्हननार, "नमस्कार मित्रांनो! आज आपण अगदी सोप्प्या पद्धतीने…" आनि बंद! उतरायचं, चार्ज करायचा, परत चढायचं. परत "नमस्कार मित्रांनो!" त्या पोराचा नमस्कार मला पाठ झाला, पन त्याचं काम कवा शेवटापर्यंत बघायलाच मिळालं न्हाई. जुनी बॅटरी बाहेर निघाली हितपर्यंत बघितलं. झाकन परत कसं चिकटवायचं ते ऱ्हायलं. मी म्हनलं, अवो, शेवट बघू या की. "निघालं तसं चिकटंल. त्यात काय एवढं?"

बसले पडवीत पोतं अंथरून. व्हिडिओतला म्हनलावता, हेअर ड्रायरनं पाठ गरम करा, म्हंजी आतला गोंद सुटंल. आमच्या हिर्डोशीत कुठला हेअर ड्रायर? आमचे केस उनात वाळत्यात! तवर सासूबाई चुलीपुढनं म्हनल्या, "कुमार, आरं मुरगाळल्या पायाला मी काय देते? नाचनीच्या भाकरीचा शेक! गरम गरम भाकरी फडक्यात गुंडाळ आनि ठेव त्याच्या पाठीवर." आनि ठेवली की वो! वर सासूबाई त्याच्यावरनं हात फिरवत्यात, "सुटंल हां, सुटंल…" बाळंतिनीला शेकावं तसं शेकलं त्याला. आनि तुमाला सांगते, खोटं कशाला बोलू, सुटला गोंद!

मग फटीत घालायला काय तरी पातळ पायजे. मालकांनी सासूबाईंच्या पिशवीतनं त्यांचं एस्टीच्या सवलतीचं कार्ड काढलं. सासूबाईंनी जो आकांत केला! "मोडशील रं माझं तिकीट! मी नसरापूरला माझ्या बहिनीकडं कशी जाऊ?" मालक कार्ड फिरवत्यात, सासूबाई त्यांचा दंड वढत्यात, आनि टक्कन झाकन उघडलं. आत बघितलं तर मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू. काढून पोत्यावर ठेवले. पोत्यावर काय ठिवायचं असतंय वो? दानं! कोंबडी आली, एक टिपला, गेली. मी तिच्या मागं पळतीय, मालक म्हनत्यात, "जाऊ दे गं, एका स्क्रूनं काय आडतंय? त्यात काय एवढं?" कोंबडीचा जीव गेला असता तर? पन ती ठनठनीत हाय. तिला काय बी पचतंय.

जुनी बॅटरी निघाली, नवी बसली, मोबाईल चालू झाला. मालकांची छाती अशी फुगली! आता झाकन. निघालं तसं चिकटंल म्हनलेले ना? चिकटलं न्हाई. गोंद घरात न्हाई, दुकान लांब. तर मालक म्हनले, "आपला इंद्रायनी हाय की!" आमचा इंद्रायनी तांदूळ तुमी खाल्लाय का? त्याचा भात ताटाला वाळला तर ताट घासता घासता मनगट दुखतंय. सासूबाईंनी गरम भात घोटून खळ केली, मालकांनी बोटानं थापली. आनि थापली ती किती! चारी कडंनी भाईर आली. मग ती भिंत लिंपावी तशी बोटानं सारखी करत गेले. करता करता खालच्या कडंला दोन बारीक भोकं दिसली. म्हनले, "ही बघ, भाताच्या वासानं हितनंच मुंग्या शिरनार." आनि बुजवली! घुशीचं बीळ बुजवावं तशी दाबून बुजवली! चार्जिंगचं भोक तेवढं सोडलं, देवाची किरपा. वर पाटा ठेवला. सकाळी बघितलं तर मोबाईल असा घट्ट, जसा काय दगडात कोरलाय.

आनि बॅटरी? अवो, दिवसभर उतरंना! मी सुद्धा म्हनलं, मालक, मानलं तुमाला.

रविवारी नऊवारी नेसले, नथ घातली, सासूबाईंना हाताला धरून माळावर चढवलं. कॉल लागला! सगळं दिसलं. झालर लावलेला पाळना, सोमनाथ, अश्विनी, आनि पाळन्याला खेटून ती शेफाली. पोरगी तर काय सांगू, माझ्या आईचं नाक हुबेहूब! माझा ऊर भरून आला. सोमनाथनं मोबाईल पोरीच्या कानाशी नेला. मी हळूच, कुजबुजत, नाव सांगितलं. सोमनाथ म्हनतो, "ताई, बोल ना." मी जरा मोठ्यानं सांगितलं. "ताई, आवाज येत नाहीये!" सगळं बंगळूर म्हनतंय, आवाज येत नाहीये! मी मालकांकडं बघितलं, मालकांनी त्या भोकांकडं बघितलं. हितं पयल्यांदा त्यांच्या तोंडातनं ते वाक्य निघालं न्हाई. बाभळीचा काटा मोडून आनला, टोकरत्यात, काटा मोडला, इंद्रायनी हलला न्हाई!

दुसरा फोन? मालकांचा बटनाचा, घरी खुंटीवर! लिवून पाठवावं म्हनलं, तर डोळ्यात पानी, अक्षर दिसंना. आनि तिकडनं शेफाली, बारीक आवाजात, "अगं मुहूर्त चाललाय. मी सांगते ना." आनि लागली की वाकायला पाळन्यात! मग माझं डोकं फिरलं. म्या छातीत हवा भरली, आनि माझ्या भाचीसाठी ठेवलेलं नाव, आमच्या दारावरनं जाती त्या नदीचं नाव, हंबरडा फोडून सांगितलं… "नीरा! नीरा! नीरा गं बाई!"

आख्ख्या खोऱ्यानं ऐकलं. खालच्या खाचरातल्या बायका उभ्या ऱ्हायल्या. पलीकडच्या टेकाडावर रायबा धनगर शेरडं चारत होता, त्यानं हाळी दिली, "वैनीऽऽ, नाव लई ग्वाड हाय!" मुलखानं ऐकलं, फकस्त बंगळूरनं न्हाई ऐकलं. शेफालीनं पोरीच्या कानात सांगितलं, क्रियांशी. आता ते नाव घ्यायला जावं तर माझी जीभ आडकती. मी तिथंच दगडावर बसून रडले. खरंच रडले वो. सासूबाई पाठीवरनं हात फिरवत होत्या.

सोमनाथचा नंतर फोन आला, मालकांच्या बटनाच्या फोनवर. म्हनला, "ताई, कागदावर क्रियांशी आसू दे, तू तुझं म्हन." पन कागदावर ज्याचं नाव, जगात त्याचं नाव, हे काय मला कळत न्हाई? मी मालकांशी आठवडाभर बोलले न्हाई. त्यांना आवाज येत नाहीये, आसंच समजा.

आनि काल सांच्याला रायबा दारात आला. त्याची शेळी व्यालीय, पाठ झालीय तिला, म्हंजी मादी करडू, पांढरी, कानावर काळा ठिपका. दुधाचा तांब्या माझ्या हातात दिला आनि लई आदबीनं म्हनतो कसा, "वैनी, तुमी मनाला लावून घेऊ नगा. तुमचं नाव म्या वाया जाऊ दिलेलं न्हाई."