चालू गाण्यातून उठलेला माणूस

बसा, बसा. गाड्या काढू नगा अजून. मोरघळच्या नाटकाला निघालाय न्हवं? जावा की. जत्रंचं नाटक मानसानं सोडू नये. पर आत्ता कोन म्हनलं, डांबरीनं लांब पडतंय, घुमटीच्या खिंडीतनं चालत जाऊ म्हनून? तू व्हय रं उत्तम? मग तू हितं म्होरं बस. आन् ऐका सगळी. घाई काय न्हाई, जत्रंचं नाटक येळंवर सुरू झाल्यालं या शिदूआबानं अजून बगितलं न्हाई.

या गावात नाटकाचा माझ्याएवढा नाद कुनाला नव्हता. न्हाई, चुकलं. एकीला व्हता. माझ्या बायकूला, हौसाला. लगीन झाल्यावर आमी दोगं पंचक्रोशीतली एक जत्रा सोडायचो न्हाई. ती बायकांत बसायची, मी गड्यांत, आन् येताना वाटंनं निसती भांडनं. ही म्हनायची राजा चांगला झाला, मी म्हनायचो पेटीवाला चांगला. पुढं ती इहिरीच्या पायरीवरनं घसरली. खुबा मोडला. काठी धरून उंबऱ्यापत्तुर, तेवढंच तिचं चालनं. पयल्या जत्रंला म्या म्हनलं, मी बी जात न्हाई. तर कशी चिडली. म्हनली, "तुमी घरात बसून माझा पाय बरा व्हनार हाय व्हय? जावा, आन् नाटक घरी घिऊन या."

आन् खरंच आनायचो बगा. कितीबी वाजू द्यात, ही उंबऱ्यात कंदील लावून जागी. मग मी अंगनात उभं ऱ्हाऊन सगळं करून दावायचो. राजा मीच, रानी मीच, पेटी तोंडानं. ती मधीच आडवायची. "थांबा. रडताना तिनं पदर कंच्या हातानं धरला?" आता हे कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय? पर ठेवावं लागायचं. तवापास्नं मी नाटक चार डोळ्यांनी बगाय लागलो, दोन माझं, दोन तिचं. त्या बाईनं मला नाटक बगाय शिकवलं. तिला तोंडावर कवा सांगितलं न्हाई, ते आता तुमास्नी सांगतोय.

तर एका साली काय झालं. आदल्या वर्सी मोरघळकरांनी एका किल्लेदाराचं नाटक लावलं व्हतं. गडाला गनिमाचा येढा. किल्लेदाराची पोरगी भाईर अडकल्याली. रातची दारापाशी येऊन हाका मारती, "आबा, दार उघडा." दार उघडावं तर पोरीच्या मागनं गनीम आत येनार. किल्लेदारानं अडसरावर हात ठिवला, आन् तेवढ्यात वळवाचा पाऊस आला. पडदा भिजला, नाटक बंद. हौसानं वर्सभर माझा जीव खाल्ला. तांदूळ निवडताना म्हनायची, "उघडलं असंल का वं दार?" म्या म्हनलं, मोरघळात जाऊन इचारून येतो. तर म्हनली, "इचारून नगं. बगून या."

त्या साली मातर तेच नाटक परत लावलं, आन् पुरं झालं. शेवटाला मांडवात कुनी खोकत बी नव्हतं. पडदा पडला तवा तीन वाजलं व्हतं. आपल्या गावची मंडळी तितंच आडवी झाली, उजाडल्यावर डांबरीनं जायचं म्हनून. पर मला कुठला दम? घरी ती उंबऱ्यात बसल्याली. म्या बॅटरी घेतली आन् निघालो खिंडीतनं. एकटाच.

खिंडीचं मला ठावं नव्हतं आसं न्हाई. जुनी लोकं सांगायची, तितं रातचं गानं ऐकाय आलं तर मान खाली घालून चालावं. तोंडातनं "वा" काढू नये. बाजारचा एक कापडवाला, धनपाल त्याचं नाव, त्यानं तितं "वा वा" केलं म्हनं. सकाळी दगडावर बसल्याला घावला. टाळ्या वाजवत व्हता. लोकांनी हात धरलं तरी थांबंनात. तीन दिवस वाजवल्या, आन् गेला.

म्या म्हनलं, "वा" म्हनायचं न्हाई. त्यात काय एवढं.

चढ लागला. गार वारं. डोक्यात निसतं नाटक. मधी एक उंबराचं झाड लागलं. चाललो. परत उंबराचं झाड लागलं. म्हनलं, असतील दोन. तिसऱ्यांदा लागलं तवा मी उभा ऱ्हायलो. म्हनलं, शिदू, चकवा लागला तुला. आन् तेवढ्यात बॅटरी गेली. हातावर आपटली, सेल फिरवून बगितलं. न्हाई. आन् त्या अंधारात कुठनंतरी पेटीचा भाता हलवल्यावानी आवाज आला. सूर न्हाई. निसता भाता. फस. फस. फस.

पळायचं का न्हाई मानसानं? पळायचं. पर वळनापलीकडं उजेड दिसला. गॅसबत्त्या टांगल्याल्या. मांडव. लाल मखमलीचा पडदा. आता तुमीच सांगा, पडदा टाकल्याला दिसतोय आन् त्यो वर जायाच्या आत मी निघून गेलोय, आसं जन्मात कवा झालंय? गेलो.

मांडवात मानसं बसल्याली, सगळी पाठमोरी. म्हनलं, चला, सोबत हाय. कडंला टेकलो. आन् शेजारच्याचं तोंड बगितलं. धनपाल कापडवाला. मरून बारा वर्सं झाल्याला. टाळ्या वाजवत व्हता, पर आवाज न्हाई. बगतो तर सगळीच तशी. कुनाची पापनी लवत न्हाई. उठाय गेलो, तर मांड्या भुईला चिकटल्याल्या.

पडदा वर गेला.

मधी एकच मानूस. जुन्या नाटक कंपनीतला गाता नट असावा. जरीचा शेला, डोईला मंदील, तोंड पांढरंफटक. त्यानं हात जोडलं आन् पद सुरू केलं. आन् ऐका, बेसूर. बरं चालल्यालं असायचं, पर पंचमावर गेला की घसरला. भातात दाताखाली खडा यावा तसं. पद संपलं. सगळ्यांनी बिनआवाजी टाळ्या वाजवल्या. त्यो म्होरं आला आन् थेट माझ्याकडं बगून म्हनला, "कसं झालं?"

म्या मान खाली घातली.

त्यानं पद परत म्हनलं. परत त्यो खडा. बत्त्या जराशा निळ्या झाल्या. "कसं झालं?" तिसऱ्यांदा म्हनताना त्यो खाली उतरला, मानसांतनं माझ्याकडं यायला लागला, आन् त्याचं पाय भुईला लागत नव्हतं. अगदी म्होरं येऊन उभा ऱ्हायला, आन् पुन्हा त्याच जागंवर घसरला. भ्या तर लई वाटत व्हतं. पर वीस वर्सं मी बेस्तरवारच्या भजनात बसल्याला मानूस. तोंडातनं निघूनच गेलं.

"बुवा, पंचम उतरतोय."

सगळ्या टाळ्या थांबल्या. वारं बी थांबलं. त्यो वाकला, नाकाला नाक लागंल एवढा. म्हनला, "माझा सूर उतरला? सगळे तर वा वा म्हणतात."

म्या म्हनलं, "म्हनू द्यात. मारायचं तर मारा मला. पर नाटकवाल्याशी मी खोटं बोलत न्हाई. तुमची पट्टी बी लई वरची लागलीय. जरा खाली घ्या."

बगा म्हंजी. भुताला पट्टी सांगतोय मी. हौसा तितं असती तर तिनं कपाळाला हात लावला असता.

आन् त्यो मटकन खाली बसला. लहान लेकरावानी रडला. मग म्हनला, "माझा गळा उतरत चालला होता. कंपनीत सगळ्यांना कळत होतं. मालकांना, साथीदारांना, घरच्यांनासुद्धा. पण जो तो वा वा म्हणत राहिला. मी तसाच एका मोठ्या गावी उभा राहिलो आणि लोकांनी मला हसून घालवलं. परत जाताना या खिंडीत ताप चढला. इथंच पडलो. एकानं जरी वेळेवर सांगितलं असतं, तर मी गळा सांभाळला असता."

तवापास्नं त्यो मुद्दाम बेसूर गातो आन् इचारतो. जी भिऊन "वा वा" करत्यात, त्यास्नी बसवून ठेवतो. आपली जुनी लोकं सांगायची ते निम्मंच खरं व्हतं. "वा" म्हनायला हरकत नव्हती. खोटं म्हनायचं नव्हतं.

संपलं व्हय? न्हाई. खरा फास तर पुढंच हाय.

त्यानं डोळं पुसलं, पट्टी खाली घेतली, आन् गायला. आता काय सांगू तुमास्नी. गानं म्या लई ऐकलंय, पर आसं न्हाई ऐकलं. त्यो पंचमावर गेला आन् तितं थांबला, निसता थांबला, आन् माझ्या डोळ्याला धार लागली. आई गेली तवा मी रडलो नव्हतो, ते बी त्यात निघालं. माझ्या तोंडातनं "वा" गेलं. पोटातनं आल्यालं. शेजारी बगतो तर धनपाल न्हाई. कुनीच न्हाई. मानसं बसल्याली तितं निसती दगडं. सुटली बिचारी. माझ्या मांड्या बी मोकळ्या झाल्या.

म्हंजी आता उठून जायला काय आडकाठी नव्हती. पर पद संपतंय न संपतंय तवर त्यानं दुसरं धरलं. मग तिसरं. मधी श्वास घ्यायाएवढी जागा न्हाई. तवा माझ्या ध्यानात आलं. त्यानं वळखलं व्हतं, ह्यो गडी चालू गान्यातनं उठनार न्हाई. खरंच, जन्मात मी उठलो नव्हतो. एकदा मांडवात इंचू चावला, तरी पद संपल्यावर बोंबललो. चालू गान्यात पाठ फिरवायची म्हंजी गानाऱ्याच्या अन्नात माती कालवायची. खोटी मानसं त्यानं टाळ्यांत अडकवली. मला माझ्याच रीतीत अडकवलं.

आन् मला वाईट वाटत नव्हतं, हे खरं भ्याचं. सुख वाटत व्हतं. पाय गार पडलं, मग गुडघं, मग कंबर. हाताकडं बगितलं तर दगडावानी करडा. तरी म्हनलं, असू दे, एवढं पद हू दे. आन् एक जागा त्यानं अशी घेतली, अशी घेतली, की मी शेजारी वळून म्हनलो, "हौसा, ऐकलंस का?"

शेजारी कोन? दगूड.

तवा आठवलं. हौसा उंबऱ्यात बसल्याली हाय. वर्सभर त्या पोरीला मनात गडाच्या दाराभाईर उभी ठिवून बसलीय. मी हितं दगूड झालो तर तिला कोन सांगनार?

म्हनलं, "बुवा, मला जाऊ द्या. घरी मानूस जागं हाय." त्यो गातच. "बुवा, तिला चालता येत न्हाई. तिचं नाटक माझ्याजवळ हाय." त्यो आनखी गोड. मग म्या भुईला हात लावला, कपाळाला लावला, आन् चालू गान्यातनं उठलो. गुडघं दगूड फोडल्यावानी वाजलं. पाठ दावली न्हाई त्याला. हात जोडून, उलट्या पावलानं, एकेक पाऊल मागं. आन् दर पावलाला त्यो अधिक चांगला गात व्हता. पार खालच्या वढ्यापत्तुर त्याचा आवाज माझ्यासंगं आला. मी रडत व्हतो आन् चालत व्हतो. वढ्याच्या पान्यात पाय पडला, आन् गानं मधीच तुटलं. वर बगितलं तर फटफटलं व्हतं.

घरी आलो. चपला न्हाईत, धोतर फाटल्यालं, गुडघ्यातनं रगात. ही उंबऱ्यात. तिनं मला खालपास्नं वरपत्तुर बगितलं, आन् पयला सवाल काय?

"उघडलं का दार?"

म्हनलं, उघडलं. आन् तसाच अंगनात उभं ऱ्हाऊन सगळं करून दावलं. किल्लेदारानं पोरीला आत घेतली, आन् आपुन भाईर गेला. मागनं दार लावून घ्या म्हनला. आन् एकटा गनिमाम्होरं उभा ऱ्हायला. हौसानं डोळ्याला पदर लावला. मग म्हनली, "लई उपकार झालं बगा त्यांचं." नाटकवाल्यांचं म्हनत व्हती. दिवसा शेतात राबून रातचं तोंडाला रंग लावनारी मानसं ती. त्यांच्या जिवावर आमचं निम्मं आयुष्य गोड झालं.

मग तिला खिंडीतलं सांगितलं. वाटलं, भिऊन अंगारा लावंल. तर हिला हेवा वाटला. म्हनली, "मला पाठकुळी घिऊन चला. एकदाच." तिच्यासाठी म्या काय बी केलं असतं, पर ह्याला न्हाई म्हनलं. आठ दिवस बोलली न्हाई माझ्याशी. न्हाई म्हनायचं कारन मातर म्या तिला कवाच सांगितलं न्हाई. ती माझ्यापरीस पक्की व्हती. तितं बसली असती तर चालू गान्यातनं उठली नसती. आन् मला ती घरी पायजे व्हती.

दर जत्रंला दिवसाउजेडी मी खिंडीच्या पायथ्याला नारळ ठिवून येतो. उपकार हायेत त्या गानाऱ्याचं. त्यानं मला ऐकवलं ते राजालाबी मिळालं नसंल. पर वर जात न्हाई. भुताचं भ्या न्हाई मला. हौसाला जाऊन नऊ वर्सं झाली. आता माझ्या घरी जागं कुनी नसतं. गानं कानावर पडलं, तर उठू कुनासाठी?

म्हनून सांगतो, उत्तम, त्या वाटंनं जायाचं न्हाई. डांबरीनं जावा. नाटक डोळं भरून बगा. आवडलं तर पोटातनं "वा" म्हना, न्हाई आवडलं तर गप ऱ्हावा. आन् संपल्यावर तितं लोळत पडू नगा. ज्याच्या घरी आई हाय, बायकू हाय, त्यानं सरळ घरी जायचं आन् अंगनात उभं ऱ्हाऊन तिला सगळं करून दावायचं. लाजायचं न्हाई. ऐकनारं मानूस घरात हाय, तवरच हे जमतंय.