सीट खाली पाहिजे

...आणि तो डीलर मलाच विचारतो, "अंकल, पहले ये डिसाइड कर लो, आपको कम्फर्ट चाहिए या प्रॅक्टिकल चाहिए?" म्हणजे मी उन्हात, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल, आणि हा एसीत बसून मला तत्त्वज्ञान विचारतोय! आता तुम्ही म्हणाल, स्टूल कशाला? सेकंडहँड गाडी घ्यायला माणूस स्टूल घेऊन जातो का? जातो! मी गेलो! द्वारकेपासून गुडगावपर्यंत जुन्या गाड्यांचा असा एक बाजार दाखवा जिथे मला ओळखत नाहीत. मी फाटकातून आत शिरलो की आतून हाक यायची, "ओए, स्टूल वाले अंकल आ गए!"

माझं नाव समाधान. हसा, हसून घ्या, तिकडे ऑफिसातही हसतात. मूळचा अकोल्याचा, सरकारी नोकरीपायी दिल्लीत आलो आणि इथलाच झालो. तर ते स्टूल म्हणजे माझ्या आईची उंची. तिची नाही हो, तिच्या बसण्याची! दोन्ही गुडघे गेलेत. त्या स्टुलावर ती आपली आपण बसते, आपली आपण उठते. बोटभर उंच झालं की पाय लोंबकळतात, बोटभर ठेंगणं झालं की उठवायला दोन माणसं लागतात. म्हणून मी प्रत्येक गाडीचं दार उघडायचो, शेजारी स्टूल ठेवायचो, वाकून बघायचो. प्रत्येक सीट उंच! आजकाल गाड्या बनवतात की मचाण? डीलर म्हणायचे, "अंकल, ये स्टूल ही रख लो ना, इसपे चढ़ के बैठ जाएँगी माताजी." अरे, ते करून झालंय बाबा! एकदा टॅक्सीला लावलं स्टूल, आईनं पाय ठेवला, स्टूल सरकलं, आई रस्त्यावर. लागलं नाही, पण त्या दिवसापासून तिनं एकच धरलं, "मी काई चढत नाई आता. मले सीट खाली पायजे."

मले सीट खाली पायजे. बास.

आणि जायचं कुठे होतं तिला? लंडनला नाही. मानेसरला! तिची धाकटी बहीण, आमची चंदामावशी, मानेसरला असते... म्हणजे तेव्हा होती. मावशीचा मुलगा जयेश तिथे कारखान्यात आहे, आणि गंमत ऐका, कारखाना कशाचा? गाड्यांच्या सीटांचा! अख्ख्या देशाच्या बुडाखाली जयेशनं फोम घातलाय, आणि आमच्या आईला बसायला सीट नाही. मावशीला अर्धांगाचा झटका आला, ती अंथरुणाला खिळली. ती येऊ शकत नाही, ही चढू शकत नाही. मध्ये तासाभराचा रस्ता. अकोल्यात एका चुलीवर जेवलेल्या दोन बहिणी, एवढ्या लांब एका मुलुखात येऊन पडल्या, आणि भेट नाही!

फोन व्हायचा रोज. जयेश हौसेनं व्हिडिओ लावून द्यायचा, पण आई फोन कानालाच लावणार. कितीदा सांगितलं, आई, समोर धर! "समोर धरला तर ऐकू कसं येईन?" मावशीनं कित्येक महिने बहिणीचा नुसता कान पाहिला. आणि बोलणं काय? "काय करून रायली?" "पडून रायली. तू?" "बसून रायली." मग मावशी जड जिभेनं, एकेक शब्द ओढत, "बाई... कवा येतं वो? आंबाडी... आली कुंडीत." मोठ्या बहिणीला ती बाई म्हणायची. रंगाच्या जुन्या बादलीत तिनं गच्चीवर आंबाडी लावली होती, आजारी पडायच्या आधी, आणि आईला तिच्या घरची आंबाडीची भाजी खायची होती. आई ओरडून सांगायची, "पोरगा गाडी पायतो हाय!" तिकडून, "पायतोच हाय?"

आणि घरच्यांनी मला पाहू दिली का गाडी? आमची प्रभा, माझी बायको, शाळेत शिकवते, दिवसभर उभी. ती म्हणते, "आईंचे गुडघे मान्य, पण माझी कंबर? मला मऊ, रुंद, हात टेकायला दांडी असलेली सीट पाहिजे." मी म्हटलं, बरं. प्रभाचा भाऊ राजीव, तो म्हणजे प्रॅक्टिकलचा अवतार. लग्नात हार घालतानासुद्धा म्हणाला असेल, एकच घाला, दुसरा परत करता येईल. "भाऊजी, भावना बाजूला ठेवा. मागे सामानाला जागा बघा. सीएनजी बघा. रीसेल बघा. सीट काय हो, सीटवर कव्हर घालता येतं." अरे, कव्हर घालून सीट खाली येते का? तिकडून जयेशचा फोन, "दादा, फोम दाबून बघ, बोटं आत गेली तर घेऊ नको." झालं! मी सगळ्या बाजारांत एका हातानं स्टूल लावतोय, दुसऱ्या हातानं सीटा दाबतोय. लोक बघतायत. मऊ मिळाली की उंच, खाली मिळाली की फळकूट, दोन्ही मिळाली तर गाडी डिझेलची आणि दिल्लीत चालवायची तिची दहा वर्षं संपलेली!

शेवटी मिळाली, तुम्हाला सांगतो! सात माणसांची व्हॅन, चौकोनी, सरकत्या दाराची, डब्यासारखी साधी. डीलर धवल. नाव धवल, शर्ट काळा, दात गुटख्यानं लाल. मी स्टूल लावलं. मधली सीट थोडीशीच उंच. तो म्हणाला, "सर, हो जाएगा, नीचे का फ्रेम कटवा देंगे, आप बस फोन पे बता देना क्या करना है." मला इतका आनंद झाला की मी स्टूल तिथेच विसरून आलो. मग ते आणायला परत गेलो.

आता इथे येते आमची समता. मुलगी माझी. दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली, कॉलेजात जाते. मराठी बोलते, नाही असं नाही. "पप्पा, मी थकून गेली यार, मला डिस्टर्ब नको करू." त्या दिवशी मी मीटिंगमध्ये, साहेब समोर, आणि धवलचा फोनवर फोन. मी तिला मेसेज टाकला, की बाळा, धवलला सांग, आजीसाठी मधली सीट ठेंगणी करायची आहे. तिचा उलटा मेसेज, "ठेंगणी म्हणजे? ठेंगा दाखवणारी?" आता मीटिंगमध्ये मी ठेंगणी कशी समजावू? मी घाईघाईत लिहिलं, "अगं, आजी म्हणते ना रोज, सीट खाली पाहिजे. तेच सांग."

तिनं तेच सांगितलं. अगदी तेच! "भैया, दादी को बीच वाली सीट खाली चाहिए."

शनिवारी गाडी आली. सोसायटीच्या गेटमधून आत, पुढे झेंडूची माळ, धवल स्वतः चालवतोय. आई कधीची तयार! कपाटातलं पांढरं लुगडं नेसून, हातात पिशवी, पिशवीत मावशीसाठी तिळाची चटणी आणि स्वतःची उशी. जयेशला आदल्या दिवशीच फोन करून सांगितलेलं, उद्या येतो. मावशीनं त्याला गच्चीवरून बादली खाली आणायला लावली होती म्हणे, बाईला दाखवायला. आणि हा धवल उतरतो, सरकतं दार असं झोकात सरकवतो, पडदा उघडावा तसं, आणि म्हणतो, "लो जी, खाली करवा दी!"

आत काहीच नाही.

पुढे सीट, मागे सीट, मध्ये मैदान! चार भोकं आणि नट्स. मी म्हणालो, "सीट किधर है?" तो म्हणाला, "आपने ही बोला था, खाली चाहिए. बिल्कुल खाली है सर, झाड़ू भी मरवा दिया." मी समताकडे बघतोय, समता माझ्याकडे बघतेय. "पप्पा, तूच लिहिलं होतं ना, खाली!" अगं, खाली म्हणजे नीचे! "तो नीचे बोलना था ना यार!" सोसायटीतला वॉचमन हसतोय, शेजारचे शर्माजी बाल्कनीतून हसतायत, प्रभा हसून हसून भिंतीला टेकली, आणि खरं सांगतो, मीही हसलो. धवल म्हणाला, सीट तर एका शाळेच्या व्हॅनला लावून टाकली, दुसरी मागवतो, दोन-चार दिवस.

आणि आई? आई आत डोकावली. हातानं जमीन चाचपली. म्हणाली, "हे तं चांगलं हाय. खाली म्हणलं होतं, खालीच हाय. सतरंजी टाक. जातो मी."

आम्ही सगळे एकदम! आई, काहीतरीच काय? प्रभा म्हणाली, "आई, हाडं खिळखिळी होतील." राजीवला व्हिडिओ लावला, तो म्हणाला, "भाऊजी, हायवे आहे, बेल्ट नाही, चालान होईल, अजिबात प्रॅक्टिकल नाही." मी म्हणालो, "आई, चार दिवसांनी सीट येईल, मग बघ कशी आरामात जाशील, उशी घेऊन." ती म्हणाली, "मले आराम काहून पायजे? मले चंदीकडे जायाचं हाय." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी. नक्की." तिनं पिशवीतून उशी काढली आणि वर गेली. चटणी मात्र पिशवीतच ठेवली.

मग रोज फोन. "बाई... सीट आली?" "येऊन रायली."

गुरुवारी सकाळी जयेशचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, साधाच. आईनं नेहमीसारखा कानाला लावला. ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सतरंजी टाक."

टाकली. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी कोणी म्हणालं नाही की हाडं खिळखिळी होतील. कोणी चालान काढलं नाही, कोणी प्रॅक्टिकल काढलं नाही. राजीव स्वतः आला, खाली वाकून त्यानं आईला धरून बसवलं, तिच्या पाठीला स्वतःचं जॅकेट लावलं. द्वारकेपासून मानेसरपर्यंत माझी आई त्या व्हॅनच्या जमिनीवर बसून गेली, पिशवी मांडीवर, आणि एकदाही हूं केलं नाही. इतकं सोपं होतं हो! तासाभरात पोचलो. म्हणजे शनिवारीही तासाभरातच पोचलो असतो.

मावशीचा चेहरा तिनं समोरून पाहिला. खूप वेळ पाहिला. मावशीला मात्र शेवटपर्यंत कानच.

येताना जयेशनं ती आंबाडीची बादली गाडीत ठेवली, आईच्या शेजारी. जागा काय, भरपूर होती! सगळा रस्ता ती एक हात बादलीच्या कडेवर ठेवून बसली होती, स्वतः पडू नये म्हणून, की बादली पडू नये म्हणून, मला आरशात कळलं नाही. मला रडू येत होतं आणि गाडीही चालवायची होती.

आता सीट आली. धवलची नाही, धवल अजून "दो-चार दिन"च म्हणतोय. जयेशनं बनवली. मावशी गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि पुढच्या सुटीला तो पोरगा खांद्यावर सीट घेऊन आला. मी स्टूल पुढे केलं तर म्हणाला, "नको दादा, माझ्या आईच्या खाटेच्या मापानं केली, तुझ्या आईचं माप तेच." स्वतः बोल्ट आवळले. मऊ आहे, प्रभाची कंबर खूश. मागे सामानाला जागा आहे, राजीव खूश. बोटं आत जात नाहीत. आणि स्टुलाशी, तुम्हाला खोटं वाटेल, तंतोतंत! जयेश आईला म्हणाला, "मावशी, बसून तरी बघ."

आई खाली आली. सीटवरून हात फिरवला, जरा दाबली. म्हणाली, "लय चांगली केली रे बापा. खालीच हाय." बसली, आपली आपण. उठली, आपली आपण. मी म्हणालो, चल आई, कुठे जायचं सांग. कस्तुरबा गांधी मार्गावर जाऊ, महाराष्ट्राच्या गेस्ट हाउसमध्ये झुणका-भाकर खाऊ. ती म्हणाली, "मले कुठं जायाचं हाय आता?" आणि लिफ्टकडे वळली. आंबाडीला पाणी घालायचं होतं तिला.

आता रोज तीच कथा. आम्ही पुढे-मागे बसतो, मध्ये कोणी बसत नाही. कोणी कोणाला सांगितलेलं नाही, पण नाही बसत. आणि काल त्या धवलचा फोन, समतानं उचलला. "मॅडम, सुना वो दादी जी वाली सीट कहीं और से लगवा ली, कैसी है?" मी गाडी चालवत होतो, मी आरशात बघितलं. पोरीनं मधल्या सीटकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भैया, सीट तो खाली है."

काय सुधारणार मी? जन्मात पहिल्यांदा तिचा एक शब्द दोन्ही भाषांत बरोबर आला.