हौसाच्या आवाजातली जखीण

ऐका. आणि बापू, तुम्ही जरा पुढं सरका. ही तिकटीची वाट उतारे नेणाऱ्या तुमच्यासारख्यांनीच पाडलेली आहे. हसू नका, ऐका.

अवसेची रात्र. सर्जेराव घरातून निघाला. हातात पत्रावळ, तिच्यावर दहीभात, लिंबू, हळदकुंकू. बायकोवरून, हौसावरून उतरून काढलेला उतारा. वर्षभर हौसानं अंथरूण धरलेलं. कधी छाती आवळायची, कधी हातपाय बधिर. पाळी बंद, अन्न ठरेना, डोळ्याला डोळा लागेना. मेलेली लेक जन्मली, तेव्हापासनं. नर्सबाई म्हणाली, "हिला रडू द्या, आणि तालुक्याला दाखवा." सासू गोजराबाई म्हणाली, "ढोंगं नुसती! आमची पोरं मेली न्हाईत व्हय?" मग दौलू देवऋषीनं निकाल दिला. जखीण लागलीय.

"पाणंदीच्या तोंडाला, तीन वाटा मिळत्यात त्या तिकटीवर उतारा ठेव," दौलूनं बजावलं. "माघारी येताना वळायचं न्हाई, ओ द्यायची न्हाई. ती तुझ्या बायकोच्याच आवाजात हाक मारंल. बघितलंस की खलास!"

उतारा ठेवला. निघाला. दोन्हीकडं निवडुंग, वर काळंठिक्कर आभाळ. आणि मागं... पाचोळा वाजला. हा थांबला. पाचोळा थांबला. हा चालला. पाचोळा चालला!

मग धाप. हं... हं... अगदी पाठीशी. सर्जेरावच्या अंगावर काटा.

"अवं..."

हौसाचाच आवाज! हुबेहूब!

"अवं, थांबा की. छातीत लई दुखतंय."

बघा, कशी गोड बोलते जखीण! यानं पाय उचलला.

"एवढं सांगा, मग जावा. कुठं ठेवलंय माझ्या लेकीला?"

मेला हो मेला! जखीण लेकरूच मागायला लागली! आणि सदऱ्याला हात. गार, ओला, घट्ट! सर्जेरावनं हिसडा दिला, सदरा टर्रकन फाटला. आणि जो सुटला तो वहाणा टाकून, काट्याकुट्यातनं थेट घरात. दार लोटलं. कडी घातली.

"आये, आली हुती! सदरा धरला!"

"वळला न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"वाघ हाईस माझा!" गोजराबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आता सुटली बघ हौसा."

त्यानं सहज आत डोकावलं. वाकळ रिकामी. मागचं दार सताड उघडं.

का हो बापू, हसू आटलं?

तो पुढच्या दाराकडं धावला. आई आडवी झाली. "कोंबडा आरवंस्तोवर भाईर न्हाई पडायचं! दौलूनं सांगितलंय!" आणि सांगायची लाज वाटते, सर्जेराव थांबला. कडीला हात लावून, तिथंच. बायको बाहेर पडलीय हे कळत असताना. किती वेळ, ते त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग कुठं आईला बाजूला सारलं.

हौसा पाणंदीत आडवी. ओठ निळे, मुठीत सदऱ्याची चिंधी. धुगधुगी तेवढी होती. शेजारच्या जीपमधून तालुक्याला नेलं, म्हणून वाचली.

"काळजावर ताण आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून उशीर केला असता तर हातची गेली असती. वर्षभर दुःख गिळलंय हिनं, ते सगळं अंगावर उठलंय. ढोंग नाही हे. काळजाला औषध देते, पण मनालाही उपचार लागतील. काय झालं होतं?"

हौसाच बोलली.

"लेकीचं तोंड दावलं न्हाई मला. रडले तर सासूनं पदर तोंडात कोंबला. कुठं पुरली ते साऱ्या गावाला ठावं, मलाच न्हाई. हे दहीभात घिऊन निघालं. मला वाटलं, तिच्याकडंच निघालं. म्हणून उठले."

सर्जेरावची मान खाली गेली.

"वड्याकाठी," तो पुटपुटला. "करंजाखाली. मीच पुरली."

मग हौसा रडली. दवाखाना गोळा झाला, तरी रडली.

तर ऐकलंत? पाणंदीनं खुशाल जा, तिथं काही नाही. पण घरातली बाई दुखतंय म्हणत असताना, पत्रावळ उचलून तिकटीच्या वाटेला लागू नका. कधीच. बापू, तुम्ही तर नाहीच.