पॉलीन डाबरे यांनी वजनकाटा अडवल्याबाबत

नाव दिगंबर उपासनी, वय ५२, धंदा वार्ताहर (मुंबईचे एक मराठी दैनिक), राहणार अल गराफा, दोहा. दिनांक ११ मार्च २००४.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून मराठीत जबाब देतो की, (अरबी तर्जुमा खलील मुकादम, मूळ रत्नागिरी, करीत आहेत)

सेंट ऑरेल या कॅरिबियन बेटाच्या सरकारची एक विमान कंपनी आहे. विमाने तीन, संचालक अकरा. विमाने इतकी लहान की प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभे करून मगच जागा देतात. त्यांच्या विमानतळावरील काऊंटरसाठी आज सकाळी दोह्यातील एका हॉटेलात नोकरभरती होती. भरतीचे एजंट प्रताप रावते. मी बातमीसाठी गेलो होतो.

रावते यांनी प्रवाशांचा नियम उमेदवारांना लावला. हॉटेलचा सामान तोलायचा काटा मधोमध मांडून ते बायकांना एकेक चढवू लागले. पुरुषांना चढवले नाही. मी कारण विचारले असता "पुरुषांचं दिसतंच की," असे म्हणाले. रावते यांचेही दिसत होते.

पॉलीन डाबरे, मूळ वसई, येथे एका विमान कंपनीच्या काऊंटरवर नोकरीस. त्यांचा करार महिनाअखेर संपतो. ही नोकरी न मिळाल्यास देश सोडावा लागेल. त्यांचा नंबर आला.

"यल्ला, चला मॅडम, चढा," रावते म्हणाले.

"मी काऊंटरमागे उभी राहणार, पंखावर नाही."

"रूल आहे."

"मग आधी तुम्ही चढा, भाऊ."

रावते चढले नाहीत. तेव्हा पॉलीनबाई काट्यावर खुर्ची ठेवून तीवर बसल्या व "हे चढायला तयार झाल्याशिवाय मी उठायची नाही," म्हणाल्या. मागच्या बायकाही रांग मोडून त्यांच्याभोवती जमिनीवर बसल्या. बाईंनी काटा मोडल्याची रावते यांची तक्रार खोटी आहे. तो शेवटपर्यंत चोख वजन दाखवत होता, खुर्चीसकट.

आमच्याकडे माणसाला तराजूत बसवतात ते तुलादानाला, आणि बसणाऱ्याचा मान असतो, हेही मी नमूद करू इच्छितो. यावर खलीलभाई म्हणाले, "साहेब, ह्या अरबीत कसा सांगू?" जमेल तसे सांगा, पण गाळू नका, असे मी म्हटले.

आता रावते म्हणतात, बाईंनी लेखी माफी मागावी. मग तक्रार खलास, नोकरीसाठी नावही बेटावर पाठवतो. तक्रार राहिली तर इथे दुसरी नोकरीही मिळणार नाही, हे पॉलीनबाईंना ठाऊक आहे. मीही त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "उपासनीसर, तुम्ही तुमचा जबाब लिहा."

तो लिहिला आहे. खलीलभाईंनी मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. माफीच्या कागदावरही साक्षीदार म्हणून माझी सही मागितली होती. त्यावर पॉलीनबाईंनी केली नाही, म्हणून मीही केली नाही. यावर करतो.

सही
दिगंबर उपासनी